शुभ आणि लाभ : किफायतीचा खरा हिशेब

आश्विन अमावास्येच्या प्रदोषकाळी घरोघरी आणि पेढ्यापेढ्यांतून श्रीलक्ष्मीचे पूजन होते. चौरंगावर नाणी, दागिने, लाह्या-बत्तासे आणि व्यापाऱ्याकडे कोरी चोपडी मांडलेली असते. हिशेबाचे वर्ष आता १ एप्रिलला उजाडते आणि बहुतेकांची खतावणी संगणकात गेली आहे, तरी त्या कोऱ्या पानावर कुंकवाने ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द उमटल्याशिवाय पेढीवाल्याच्या मनाला समाधान नाही. या दोन शब्दांचा क्रम आपण सहसा लक्षात घेत नाही. लाभाच्या आधी शुभ आहे. जो लाभ शुभाच्या मागून येतो तोच वहीत लिहिण्याजोगा, असा या क्रमाचा आशय आहे. आज ज्या विषयाचे चिंतन करावयाचे त्याचे सर्व मर्म या क्रमात साठविलेले आहे.

अलीकडे कचेऱ्यांतून, कारखान्यांतून आणि इस्पितळांतूनही ‘कॉस्ट-इफेक्टिव्ह’ हा शब्द वारंवार कानी पडतो. आपल्या मराठीत त्यासाठी ‘किफायतशीर’ हा शब्द रूढ आहे. किफायत हा शब्द अरबीतून फारशीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ ‘पुरेसेपणा’ असा आहे. योजिलेले कार्य सिद्धीस जाण्यास जेवढे लागते तेवढे वेचणे, उणे नाही आणि अधिकही नाही, ही किफायत होय. स्वस्त, काटकसर आणि किफायत हे तीन शब्द आपण एकाच पंगतीला बसवितो, परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. स्वस्ताई केवळ किमतीकडे पाहते, काटकसर केवळ खर्चाकडे पाहते, तर किफायत ही खर्च आणि फल या दोहोंकडे एकाच वेळी पाहते. चार आण्याची कोंबडी घेऊन बारा आण्यांचा मसाला वाटणाऱ्याने कोंबडी स्वस्त घेतली खरी, पण किफायत साधली असे कोणी म्हणणार नाही.

शास्त्रकारांचे लाघव

हा विचार आपल्याकडे नवा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीकडे पाहावे. सुमारे ४००० सूत्रांत त्या महर्षीने संस्कृतासारख्या अफाट भाषेचा व्यवहार बांधून दाखविला. चौदा माहेश्वर सूत्रांतून ‘अच्’ हा एवढासा प्रत्याहार घेतला की सर्व स्वर हाती येतात. एका सूत्रातील पद पुढच्या अनेक सूत्रांत अनुवृत्तीने चालत राहते, त्यामुळे ते पुन्हा उच्चारावे लागत नाही. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माएवढा आनंद होतो, अशी या शास्त्राची ख्याती आहे. तथापि या लाघवाला एक अट आहे. अक्षर वाचविताना अर्थ संदिग्ध होता कामा नये. नियमाने जेथे पोहोचावयास हवे तेथे तो पोहोचला नाही तर अव्याप्ती, आणि जेथे पोहोचू नये तेथे पोहोचला तर अतिव्याप्ती, असे हे दोन्ही दोष टळले पाहिजेत. अर्थ बिघडवून वाचविलेल्या अक्षराला व्याकरणशास्त्र लाघव म्हणत नाही, ती त्रुटी होय.

कर्मकांड म्हणजे नुसती उधळपट्टी, असा आरोप पुष्कळदा केला जातो. परंतु कर्माचे शास्त्र जी मीमांसा, तिने खर्चाचा विचार किती बारकाईने केला आहे! जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी अकरावा ‘तंत्रा’ला आणि बारावा प्रामुख्याने ‘प्रसंगा’ला वाहिलेला आहे. एकदा केलेले अंग अनेक प्रधान कर्मांना उपकारक होते, तेव्हा ते तंत्र. दर्शपूर्णमास इष्टीत प्रधान याग अनेक आहेत, पण प्रयाजादी अंगे प्रत्येकासाठी निराळी करावी लागत नाहीत. एकदा केली की ती सर्वांना पुरतात. पंक्तीत मधोमध लावलेली एक समई साऱ्या पंक्तीला उजेड देते, प्रत्येक पानापुढे वेगळी लागत नाही, तसेच हे आहे. आणि एका कारणासाठी केलेले दुसऱ्याच्याही उपयोगी पडते, तेव्हा तो प्रसंग. वाड्यात लावलेला दिवा समोरच्या राजरस्त्यावरही प्रकाश पाडतो, त्यासाठी वेगळे तेल जळत नाही. मात्र हे सारे अंगांच्या बाबतीत. प्रधान कर्मच गाळून खर्च वाचवावा, असे मीमांसेने कोठेही म्हटलेले नाही.

व्रतांच्या विधानांत आणखी एक मार्मिक शब्द येतो, तो ‘वित्तशाठ्य’. शाठ्य म्हणजे लबाडी. अंगी सामर्थ्य असता कार्यापुरताही हात सैल न करणे, ही पैशाच्या बाबतीतली लबाडी होय आणि व्रत करणाऱ्याने ती टाळावी असा दंडक आहे. उलट ज्याचे सामर्थ्य नाही त्याला षोडशोपचारांच्या जागी गंध, पुष्प, धूप, दीप आणि नैवेद्य असे पंचोपचार सांगितले, तेही न जमल्यास मानसपूजा सांगितली. ऋण काढून सण करावा, असे शास्त्र कोणालाही सांगत नाही. तो हट्ट लोकांनी परस्परांच्या चढाओढीतून आपल्या मागे लावून घेतला आहे.

तीन प्रकारचे अपात्र धनी

कौटिल्याने अर्थशास्त्रात आय, व्यय आणि शिल्लक म्हणजे ‘नीवी’ यांची मांडणी करून अधिकाऱ्यांची परीक्षा कशी करावी हे सांगितले आहे. तेथे त्याने तीन प्रकारच्या माणसांपासून सावध राहण्यास बजाविले आहे. वाडवडिलांनी मिळविलेले अन्यायाने खाऊन टाकणारा तो ‘मूलहर’. जे जे हाती येईल ते ते तत्काळ संपविणारा तो ‘तादात्विक’. आणि नोकरांना व स्वतःलाही पीडा देऊन पैसा साठविणारा तो ‘कदर्य’. उधळ्यांचे दोन प्रकार सांगून आचार्य थांबला नाही, त्याने साठविणाऱ्यालाही त्याच पंक्तीत बसविले, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. कदर्याची व्याख्या करताना तो ‘फार साठवितो’ एवढेच म्हणत नाही. साठविण्याचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हे तो पाहतो. किफायतीचा विचार करताना आपण हा प्रश्न हाती धरून पुढे जाऊ.

धन्वंतरीच्या दारी

धनत्रयोदशीला वैद्यमंडळी धन्वंतरीचे पूजन करतात. किफायतीचा अर्थ सर्वांत गंभीर होतो तो वैद्यकात, कारण तेथे फल रुपयांत मोजावयाचे नसते. वाचलेले प्राण, टळलेले रोग, लाभलेली निरोगी वर्षे, हे तेथील फल होय.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले आणि ते टोचणारे हातही अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे प्रमाणशीर मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले व ते पाजावयास सांगितले. शेकडा ३० च्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपायाने शेकडा ४ च्याही खाली आले. हीच आपल्या घराघरांत ठाऊक असलेली जलसंजीवनी. ती स्वस्त होती म्हणून थोर ठरली काय? नव्हे. जेथे बाटली पोहोचत नव्हती तेथे ती पोहोचली आणि प्राण राहिले, म्हणून ती थोर ठरली. जो रुग्ण गळून बेशुद्ध झाला आहे, ज्याला घोट गिळता येत नाही, त्याला आजही शिरेतूनच सलाइन द्यावे लागते. तेथे पुडीवर भागविणे ही किफायत नव्हे, तो घात आहे.

दुसरे उदाहरण आपल्या गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. रुग्णालय दूर, वाट जंगलाची, आणि बाळंतपण घरीच होणार, अशी स्थिती होती. त्यांनी गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाची निगा राखण्याचे शिक्षण दिले. बाळाला ऊब कशी द्यावी, श्वास अडल्यास काय करावे, जंतुदोषाची लक्षणे कशी ओळखावीत, हे त्या शिकल्या आणि घरोघर जाऊ लागल्या. ३९ गावांतील या कामाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे पूर्वी सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत, ती संख्या सुमारे २५ वर आली आणि दर बालकामागे खर्च आला तो अवघा ५.३ डॉलर. पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची योजना सुरू झाली. येथे खर्च कमी झाला तो सेवा कमी करून नव्हे. विद्या योग्य हाती दिल्यामुळे तो कमी झाला.

तथापि वैद्यकातील या हिशेबाला एक मर्यादाही आहे. शासनाने लाखोंसाठी निधी वाटताना अमुक रुपयांत किती आयुर्वर्षे लाभतील हे पाहणे रास्त आहे, कारण एका ठिकाणी वाया गेलेला पैसा दुसऱ्या कोणाचे तरी औषध हिरावून घेतो. परंतु तोच मापदंड घेऊन पुत्राने अंथरुणाला खिळलेल्या पित्याकडे पाहू लागावे, हे त्या शास्त्राने सांगितलेले नाही. समाजाचा निधी वाटण्याची ती विद्या आहे, ती आप्तऋणातून मुक्त करीत नाही. वृद्ध मातेच्या उशाशी बसण्यात ‘परवडते काय’ हा प्रश्न उद्भवतच नाही. उपचार कोणता करावा हे वैद्याला विचारावे, पण शुश्रूषा करावी की नाही हे विचारावयाचे नसते.

मंगळाची स्वारी आणि घरातील दिवा

२०१३ च्या भाऊबीजेला, म्हणजे ५ नोव्हेंबर रोजी, श्रीहरिकोटाहून मंगळयानाने उड्डाण केले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत पोहोचले. सुमारे ४५० कोटी रुपयांत हे साधले, याचे जगाने कौतुक केले. हे कसे घडले ते समजून घेतले पाहिजे. हाती असलेल्या पीएसएलव्ही या विश्वासू अग्निबाणाची शक्ती मर्यादित होती. म्हणून यानाला एकदम मंगळाकडे न फेकता पृथ्वीभोवती फिरवीत, टप्प्याटप्प्याने कक्षा वाढवीत नेले आणि मग मार्गस्थ केले. उपकरणे पाचच आणि तीही मिळून सुमारे १५ किलो वजनाची. सहा महिन्यांसाठी योजिलेले हे यान मंगळाभोवती सुमारे साडेसात वर्षे टिकले, २०२२ साली त्याचा संपर्क तुटला. परदेशांची अधिक खर्चाची याने अधिक उपकरणे नेतात आणि निराळी कामे करतात. तेव्हा नुसते आकडे शेजारी मांडून ‘ते उधळे, आम्ही हुशार’ असे म्हणणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. उद्दिष्ट समान असेल तरच किफायतीची तुलना करता येते, हा येथील धडा आहे.

यंत्रविद्येतील दुसरा धडा घरच्या दिव्याचा. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट वीज खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा दीड युनिटाच्याही आत भागवितो. दुकानात बल्ब स्वस्त दिसतो, कारण त्याची खरी किंमत महिन्यामहिन्याच्या बिलांत लपलेली असते. पूल असो, पंप असो वा पादत्राणे असोत, विकत घेण्याच्या दिवशीची किंमत ही खर्चाची केवळ पहिली ओळ होय. वस्तूच्या साऱ्या आयुष्याचा खर्च मांडल्याशिवाय किफायत कळत नाही.

बळीचे राज्य

बलिप्रतिपदेला आपण बळीचे राज्य येवो असे म्हणतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या दुष्काळी गावाने १९९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जे केले ते शेतीतील किफायतीचा उत्तम नमुना आहे. डोंगरउतारावर चर खणून, नाल्यांवर लहान लहान बांध घालून आणि झाडे राखून त्यांनी पावसाचे पाणी गावातच मुरविले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. यंदा पाऊस किती, जमिनीत पाणी किती, तेव्हा कोणते पीक घ्यावयाचे, असा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची रीत त्यांनी घातली. शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांना आवर घातला. यातील मर्म असे की, एकट्या शेतकऱ्याच्या वहीत खोल कूपनलिका फायद्याची दिसते. पण तिचा खर्च शेजाऱ्याच्या आटलेल्या विहिरीत नोंदविलेला असतो. सर्व गावाची एकच वही केली तेव्हा तो खर्च दिसू लागला.

हाच प्रश्न राज्यकर्त्याच्या वहीत कसा येतो, ते मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांच्या आख्यानात दिसते. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा त्यांनी सरकारी कोठारे उघडली. दप्तराच्या दृष्टीने हा उघड तोटा. पण कोठार कशासाठी? धान्याचे फल म्हणजे भुकेल्याचे पोट भरणे. ते फल न देता कुलपात राहिलेले धान्य उंदरांच्या आणि किडीच्या खाती जाते. परंपरा पुढे असे सांगते की, साक्षात विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन दरबारात त्या धान्याचे मोल भरले आणि रसीद घेतली. आम्ही कीर्तनकार ही कथा करुणेची म्हणून सांगतो, ती तशी आहेच. पण ती हिशेबाचीही आहे. दया केली म्हणून हिशेब मिटत नाही, कोणीतरी तो भरावा लागतो. येथे भगवंताने तो स्वतः भरला, गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाचे रूप घेऊन भरला.

केरसुणीची पूजा

आता लक्ष्मीपूजनाच्या चौरंगाकडे परत वळू. सोन्यानाण्यांच्या शेजारी तेथे एक अगदी साधी वस्तू असते, ती नवी केरसुणी. शिंदीच्या पात्यांची ही वस्तू थोड्या पैशांत मिळते, वर्षभर घर निर्मळ राखते, आणि आपल्या पूर्वजांनी तिलाच ‘लक्ष्मी’ म्हटले. अल्प वेचून महत्फल देणारी याहून किफायतशीर वस्तू संसारात दुसरी नसेल. श्री गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाच खराटा हाती घेतला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावीत, असा त्यांचा नेम होता. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी मात्र एक गाडगे आणि अंगावरची चिंधी एवढ्यावर भागविले. भांडी नसली तर हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला, असे ते सांगत. कोठे हात आखडावा आणि कोठे सैल सोडावा, याचा इतका स्वच्छ विवेक विरळा.

ज्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो ती वर्षभर हाती धरणाऱ्या माणसाची वही मात्र आपण कधी उघडून पाहत नाही. दिवाळीपूर्वी घरे धुऊन निघतात, वाडे-सोसायट्यांच्या मैल्याच्या टाक्या उपसल्या जातात. यंत्राची गाडी महाग पडते म्हणून दोन माणसांना थोड्या पैशांत आत उतरविले जाते, आणि विषारी वायूने गुदमरून ती माणसे वर येत नाहीत, अशा वार्ता याच वृत्तपत्रांतून आपण वाचतो. संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने दंडनीय अपराध आहे. असे मृत्यू घडल्यास वारसांना ३० लक्ष रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला आहे. पण गेलेला बाप कोणत्याही रकमेने परत येत नाही. ज्या कुटुंबाने वा सोसायटीने त्या दिवशी काही हजार रुपये ‘वाचविले’, त्यांनी ते वाचविलेच नव्हते. ते दुसऱ्याच्या नावे टाकले होते. आवळा देऊन कोहळा काढण्याला जग व्यवहारचातुर्य म्हणते. कौटिल्याने त्याला कदर्यपणा म्हटले असते, आणि व्रतशास्त्राने वित्तशाठ्य.

म्हणून सुज्ञ वाचकांनी या लक्ष्मीपूजनाला वहीच्या पहिल्या पानासमोर क्षणभर थांबून तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. मी जो खर्च करतो त्याचे नेमके फल कोणते? ते फल याहून थोडक्यात, पण तितक्याच पूर्णत्वाने, मिळण्याचा दुसरा मार्ग आहे काय? आणि मी जे वाचविले ते खरोखर वाचले, की कोणा मुक्याच्या, गरिबाच्या, शेजाऱ्याच्या वा नातवंडांच्या नावे पडले? पहिल्या दोन प्रश्नांनी उधळपट्टी थांबेल, चढाओढीपायी काढलेले कर्ज थांबेल, दारूगोळ्याच्या धुरात जाणारा पैसा मुलाच्या पुस्तकाला लागेल. तिसऱ्या प्रश्नाने कामवाल्या बाईंची ओवाळणी आखडणार नाही, आणि टाकी उपसण्यास माणसाऐवजी यंत्राची गाडी दारी येईल.

पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तराने लाभ साधतो आणि तिसऱ्याच्या उत्तराने शुभ. शुभ आधी लिहून मग लाभ लिहिण्याची जी रीत वडिलांनी घालून दिली, ती कुंकवापुरती न राहता वर्षभराच्या व्यवहारात उतरो, घरोघरची लक्ष्मी न्यायाने येवो, विवेकाने वेचली जावो, आणि जिच्या हाती केरसुणी आहे तिच्याही अंगणात या दीपावलीचा दिवा उजळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु।